घटकेची ओटी

मळ्यावरच्या सरदाराच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हिराने आपल्या नवऱ्याचं धोतर धुतलं, वाळवलं आणि घडी घालून आपल्या उशाखाली ठेवलं. दुसरीकडे कुठे ठेवलं असतं तर सकाळी ते तबेल्यात एखाद्या खेचराच्या पाठीवर सापडलं असतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. पंचांग तिने आपल्या लुगड्याच्या गाठोड्यात बांधलं. अंतरपाट सरदाराच्या घरी आधीच पोचता केला. आणि एवढं सगळं करूनही तिचं काम संपलं नव्हतं, कारण सगळ्यात मोठी वस्तू गाठोड्यात बांधून ठेवण्यासारखी नव्हती. ती म्हणजे नवरा.

तुलसीराम हा संगमेश्वराकडच्या एका गुरवाचा मुलगा. शेजारच्या जोश्याच्या पडवीत पडून पडून पंचांग शिकला आणि मग त्याला दुसरं काही शिकताच आलं नाही. लग्न झाल्यावर त्याच्या आईने त्याला चुलत्याकडे नारळ पोचवायला मुंबईला धाडलं, आणि एकटा पाठवायची छाती नव्हती म्हणून सुनेला बरोबर दिली. हिरा धर्मशाळेत भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात बंदरावर एका मुकादमाने तुलसीरामाला सांगितलं की समुद्रापार मिरीच देशात माणसं हवीत, काम उसाचं, आणि तिथे रात्री ध्रुवतारा दिसत नाही. मुकादमाने हे आपलं गमतीने सांगितलं असेल. पण ज्या मुलखात ध्रुवच नाही तिथलं आकाश दिसतं तरी कसं, या विचाराने तुलसीराम कागदावर सही करून आला. सही मात्र झोकदार होती. नारळांचं काय झालं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

मिरीचमधल्या प्लेन दे पपाय गावी उसाच्या मळ्यावर आल्यापासून त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. इथे भर दुपारी सूर्य उत्तरेकडे कलतो आणि सावली दक्षिणेला पडते, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला कोयता खाली टाकून तो हसत सुटला. तेव्हापासून तो जिथे जाईल तिथे जमिनीत आपली काठी रोवायचा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि बसायचा बघत. अंगणात खडेच खडे झाले होते. पाण्याची घागर घेऊन येताना हिराला ठेच लागली की ती त्या मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

कोयता खाली टाकला तोवर ठीक होतं. पुढे एकदा ऊस तोडताना त्याने मान वर करून सूर्याकडे पाहिलं आणि कोयता बसला तो त्याच्याच नडगीवर. हाड दिसत होतं. हिराने महिनाभर त्याला उचलून बसवला, आणि त्या महिन्यात तिला एक गोष्ट पक्की कळून चुकली. हा माणूस उसात परत गेला तर एक दिवस आपल्याला कुंकू पुसावं लागेल.

तेव्हा देवराज सरदार देवासारखा धावून आला. मळ्यावरच्या आपल्या माणसांचा तो मुकादम. मोठा दणकट, आवाज भोंग्यासारखा, पण पोरीवर जीव. पोरीचं लग्न पुढेमागे करायचं तर कांपात, म्हणजे मळ्यावरच्या मजूरवस्तीत, एखादा जोशी हाताशी असावा, म्हणून त्याने मळ्याच्या गोऱ्या साहेबाला सांगून तुलसीरामाला खेचरांच्या तबेल्यात घातलं. खेचरांना तुलसीराम आवडायचा. तो त्यांना ग्रहांच्या गोष्टी सांगायचा आणि ती मान हलवायची. कांपात तितक्या कौतुकाने त्याचं दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

आता ते लग्न येऊन ठेपलं होतं. सरदाराची बसंती आणि तीन कोसांवरच्या दुसऱ्या मळ्यावरचा जयराम. आठ दिवसांपूर्वी देवराज अंगणात येऊन उभा राहिला, एक खडा पायाने बाजूला सारला आणि तुलसीरामाशी न बोलता हिराशीच बोलला.

"वैनी, पावणे लई चिकित्सक हायेत. नवऱ्याचा चुलता गोवर्धन, त्यो तर म्हनतो गुरव कवापासनं घटका मांडायला लागला. लगीन टायमावर लागलं तर जोशीबुवा जल्मभर तबेल्यात ऱ्हातील, माजा सबूद. पर मानसांत माजी शोभा झाली, तर मंग मला बी साह्यबाला काय सांगता यायचं नाय. दुसऱ्या दिसापासनं कोयता."

"असं कसं हुईल, दादा," हिरा म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

कारण काय होऊ शकेल याची तिला पुरेपूर कल्पना होती. कांपातल्या झोपड्या सगळ्या एकसारख्या, एका ओळीत. एकदा तुलसीराम तबेल्यातून आला तो शेजारच्या सत्यवतीच्या झोपडीत शिरला, पाटावर बसला, भात जेवला, वर "आज आमटी बरी झाली" म्हणून ताट सरकवून उठला. सत्यवतीने पदराआड हसत वाढलं आणि मग दिवसभर विहिरीवर सगळ्यांना सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. हिराही हसली. पण घरी येऊन ती चूल पेटवायला बसली. आपण मेलो तर हा दुसऱ्या कुठल्या तरी दारात शिरून जेवेल आणि बायको बदललीय हे याच्या ध्यानातही येणार नाही, असं तिच्या मनात आलं.

लग्न वैशाखातलं. इथले ऋतूही उलटे, वैशाखात अंगावर काटा आणणारा गारठा असतो, त्याचीही आता सवय झाली होती. रविवारची बेगार सरदाराने साहेबाकडून माफ करून घेतली होती. पाहुणे तांबडं फुटायच्या आधीच चालत आले. मळा सोडून बाहेर पडायच्या त्यांच्या परवान्यावर परतीची वेळ संध्याकाळची, म्हणजे लग्न, जेवण, पाठवणी सगळं उजेडातच उरकायला हवं. रस्त्यावर उशिरा सापडलेल्या माणसाला पोलीस नवरदेव आहे का चोर ते विचारत नसत. मुहूर्त सूर्योदयापासून पाच घटकांवर, म्हणजे दोन तासांवर होता.

मांडव नारळाच्या झावळ्यांचा, पूर्वेकडून उन्हाला उघडा. मध्ये पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ. त्यात तुलसीराम घटकेची वाटी सोडणार होता. ही वाटी म्हणजे त्याचा जीव. तांब्याची, पातळ पत्र्याची, बुडाला सुई जाईल एवढं भोक. पाण्यावर सोडली की भोकातून पाणी वर चढतं, वाटी हळूहळू भरते आणि बरोबर एका घटकेने बुडते. मग काढायची, ओतायची, पुन्हा सोडायची. संगमेश्वराहून निघताना बायको बरोबर आहे की नाही हे त्याने पाहिलं नव्हतं, पण वाटी कंबरेला बांधली होती. म्हणूनच हिराने त्या वाटीची काळजी केली नाही. सगळ्या जगाची काळजी केली, आणि नेमकी तीच सोडली.

सूर्याचं अर्धं बिंब उसावर आलं. तुलसीरामाने फडक्यातून वाटी काढली आणि सूर्यावरची नजर न काढता पाण्यावर सोडली. वाजंत्री म्हणून एक ताशा होता, तो वाजला. बायकांच्या घोळक्यातून हिराने मान उंच करून पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

वाटी पांढरी होती. लख्ख, चांदीसारखी.

गेल्या आठवड्यात बंदराकडून एक कल्हईवाला कांपात आला होता. हिरा तेव्हा धुणं धूत होती. तिने तिथूनच ओरडून नवऱ्याला सांगितलं, "चुलीमागलं पातेलं द्या त्येला." नवरा म्हणाला, "दिलं." नंतर पाहते तर पातेलं होतं तसंच काळं. तिने कल्हईवाल्याला चोर ठरवून चार शिव्या दिल्या आणि विषय सोडला. बिचारा चोर नव्हता, उलट फार प्रामाणिक होता. नवऱ्याने हातात जे होतं ते त्याला दिलं, आणि त्याने वाटीला आतूनबाहेरून कल्हई तर केलीच, पण बुडाला भोक दिसलं म्हणून तेही झाळून बुजवून टाकलं. त्याचे वेगळे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

वाटी घंगाळात डौलाने तरंगत होती. आत पाण्याचा थेंब नव्हता. ती आज बुडणार नव्हती, उद्याही बुडणार नव्हती.

हिराने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घंगाळाशेजारी काठी रोवली होती आणि तो सावलीकडे बघत बसला होता. तिने खाकरून पाहिलं. बांगड्या वाजवल्या. त्याने क्षणभर वर पाहिलं, ओळखीचं कुणीतरी दिसल्यासारखा हसला आणि पुन्हा सावलीत बुडाला.

जाऊन कानात सांगावं, तर तो भरल्या मांडवात म्हणणार, "अरे वा, भोकच बुजलंय की." सरदाराच्या आईच्या बाराव्याला त्याने पंगत बसल्यावर मोठ्या आनंदाने जाहीर केलं होतं की हिशोब पुन्हा मांडला, बारावं काल होतं. त्याला खोटं बोलता येत नसे, आणि गप्प बसणं हे त्याला सुचतच नसे. आणि समोर गोवर्धन मांडी ठोकून बसला होता. डोक्याला जरीचं पागोटं, नजर घंगाळावर खिळलेली.

"जोशीबुवा, वाटी हलंना ती," गोवर्धन म्हणाला.

तुलसीरामाला ऐकूच गेलं नाही. देवराजाने मात्र हिराकडे पाहिलं. ती नजर तिला नडगीवरच्या त्या जखमेइतकी स्पष्ट समजली.

माणसाला बुडताना काय सुचेल सांगता येत नाही. सत्यवतीच्या हातात बसंतीच्या ओटीचं ताट होतं. तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, हळदकुंकू. हिराने ते तिच्या हातातून ओढलंच, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ घंगाळापाशी जाऊन गुडघ्यावर बसली.

"ह्ये काय नवीन?" गोवर्धनाने विचारलं.

"घटकेची ओटी," हिरा म्हणाली. आवाज कापत होता, तो भक्तीने कापतोय असं लोकांना वाटलं. "आमच्या संगमेश्वराकडं रीत हाय. घटकेची ओटी भरल्याबिगर पोरीची ओटी भरत न्हाईत."

तिने वाटीला हळदकुंकू वाहिलं आणि चिमूटभर तांदूळ आत टाकले. वाटी किंचित खाली गेली. तिच्या जिवात जीव आला. मग पुन्हा चिमूटभर.

"बोंद्ये," गोवर्धन म्हणाला. देवाचं नाव घ्यायची ही इथली तऱ्हा त्याने उचलली होती. "आमी तर कंदी ऐकली नाय असली रीत."

आता संपलंच, असं हिराला वाटलं. पण मागून जयरामाची आजी पुष्पावती काठी टेकत पुढे आली. तिला दातही नव्हते आणि दिसतही बेताचंच होतं.

"तू कशाला ऐकशील, गोवर्धना? बाप्यांना काय कळतंय," म्हातारी म्हणाली. "माज्या लग्नात भरल्याली. माज्या आयनं भरल्याली. ह्या मुलखात येऊन समदं इसारलो आपन." आणि तिने डोळ्याला पदर लावला.

क्षणापूर्वी जन्मलेली रीत म्हाताऱ्या बाईला लख्ख आठवत होती. मग काय, मांडवातल्या साऱ्या सवाष्णींना ती आठवली. कुणाची मावशी करायची, कुणाची आत्या. बायकांची रांग लागली. आता हिरापुढे दुसरंच संकट उभं राहिलं. एकेकीने मूठ मूठ तांदूळ टाकले तर पाच घटका पाच श्वासांत बुडायच्या.

"सावकाश, बायांनो," ती म्हणाली. "येकेक दाना टाकायचा. घाई केल्याली घटकेला चालत नाय."

बायका एकेक दाणा टाकू लागल्या. हिरा हात जोडून बसली होती आणि मनात नुसता गोंधळ. घटका किती मोठी असते? भात शिजायला लागते तेवढी? का विहिरीवर जाऊन यायला? तिने आयुष्यात कधी मोजली नव्हती. ते काम नवऱ्याचं. पुरेसा वेळ गेला असं वाटलं की ती दोनचार सुपाऱ्या आत सोडायची आणि वाटी डुबुक करून तळाला जायची. तुलसीराम काठीवरून नजर न काढता म्हणायचा, "एक." मग हिराच वाटी काढायची, तांदूळ निथळून फडक्यावर पसरायची, वाटी पुन्हा सोडायची. दोन झाल्या. तीन झाल्या. तिसरी फार लवकर बुडाली असं वाटून चौथीला तिने इतका उशीर लावला की ताशेवाला पेंगायला लागला. थंडीतही तिच्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. देवा, तिच्या मनात येत होतं, या पोरीचा संसार मी माझ्या मनाच्या घटकेवर मांडतेय. हिचं काही वाईट झालं तर ते माझ्या माथी.

पाचव्या खेपेला बसंती आणि जयराम अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे होते. मंगलाष्टकं कोणी म्हणायची म्हणून घोळ होता, तो तुलसीरामाने आठवतील तशी म्हणून मिटवला. वाटी काठोकाठ पाण्याला लागली होती. अजून एक सुपारी, की बुडाली. पण टाकावी की थांबावं? गोवर्धन पुढे वाकला. हिराला काही म्हणजे काही ठरवता येईना.

तेव्हा तुलसीरामाने काठीच्या सावलीवरची नजर जराही न हलवता हात लांब केला, ताटातले मूठभर तांदूळ उचलले आणि वाटीत टाकले.

वाटी बुडाली.

"सावधान," तो म्हणाला. अंतरपाट खाली गेला, ताशा कडाडला, अक्षता उडाल्या.

हिरा तशीच घंगाळापाशी बसून राहिली. त्याने ते सवयीने केलं असेल, तिने स्वतःला समजावलं. बायका टाकतायत म्हणून यानेही टाकले. याला समोर पत्रावळ ठेवली तर हा तीही पाण्यात सोडेल.

जेवणं झाली. देवराज स्वतः हिराला वाढायला आला आणि म्हणाला, "वैनी, घटकेची ओटी लई बेस. जोशीबुवांचा तबेला कुटं जात नाय आता." गोवर्धनाने सुद्धा पागोटं सारखं करत कबूल केलं की जुनं ते जुनंच. पाहुणे ऊन कलायच्या आत निघाले. निघताना पुष्पावती आजीने हिराचा हात धरून सांगितलं, नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे, ही ओटीची घटका घेऊन यायचं. हिराने मान डोलावली.

घरी परतताना दोघंच होती. तो पुढे, ती मागे. ऊस दोन्ही बाजूंना कमरेइतका वाढलेला. तिला राहवेना.

"आवो, थांबा जरा. मला सांगायचं हाय." आणि तिने रस्त्यातच सगळं सांगितलं. कल्हई, बुजलेलं भोक, मनाने काढलेली रीत, मनाने बुडवलेल्या घटका. "बसंतीचं लगीन मी चुकीच्या येळंला लावलं," ती म्हणाली आणि रडू लागली.

"चुकीच्या कसं?" तुलसीराम म्हणाला. "सावली बरोबर खुणेवर आली, तेव्हाच मूठ टाकली की मी. वैशाखातल्या पाच घटकांची सावली मला पाठ हाय. अंगणात खडा हाय तिचा. तू त्याला रोज ठेचकाळतेस."

हिराचं रडणं थांबलं. "म्हंजी तुमाला ठावं होतं?"

"पहिल्याच घटकेला. बुडबुडा येत नव्हता."

"मंग बोलला का नाय?"

काठीने त्याने मातीत रेघ ओढली.

"मला वाटलं, वाटी तू दिलीस कल्हईला. चुकून. तुझ्याकडं बघितलं तर तुझं तोंड पांढरंफटक. म्हटलं, आता बोललो तर चार माणसांत तुझी फजिती. म्हणून गप बसलो. फार जड गेलं."

मांडवात दोनशे माणसं होती. डोक्यावर पदर घेतलेल्या पन्नास बायका होत्या, सगळ्या मळ्यांवर वाटलेल्या एकाच रंगाच्या लुगड्यात.

"इतक्या बायांत माजं तोंड दिसलं तुमाला?"

"दिसलं की," तो म्हणाला. "तेवढंच दिसत होतं."

पदराने तिने डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिली. मग तिला आठवण झाली.

"आन वाटी मी न्हवती दिली. तुमीच दिली."

तुलसीरामाने विचार केला. "असंल," तो म्हणाला. "गरम होती खरी, परत आली तेव्हा."

कांप आला. हिराच्या मनात घरी गेल्यावर खिळ्याने ते भोक पुन्हा पाडायचं होतं, पण तो म्हणाला, राहू दे. मार्गशीर्षात आजीकडे जायचंय. भोक पाडलं आणि वर बायकांनी ओटी भरली तर वाटी भसकन बुडेल. सावली मी बघेन, तांदूळ तू टाक. त्याने हे इतकं नीट, इतकं शहाण्यासारखं सांगितलं की हिराला वाटलं, आजपासून हा माणूस बदलला.

बोलत बोलत तो ओळीतल्या एका दारात वाकून शिरला. आतून सत्यवतीचा आवाज आला, "या जोशीबुवा, बसा." हिराने त्याच्या उपरण्याचं टोक धरलं, त्याला हळूच बाहेर ओढलं आणि शेजारच्या दारातून आपल्या घरात नेलं.